आयसोमेट्रिक शिकायचंय? पैसे भरण्याआधी हे वाचा

लांबी, रुंदी आणि उंची एकाच चित्रात दाखवायची, पण लांब जाणाऱ्या रेषा एका बिंदूत मिळवायच्या नाहीत. समांतर रेषा शेवटपर्यंत समांतरच ठेवायच्या. ही ॲक्सोनोमेट्रिक रेखाटनाची पद्धत. ती शिकायला हजार-बाराशे रुपयांचं साहित्य, पाच-सहा आठवड्यांच्या संध्याकाळी आणि तुमची शीट तपासून देणारा एक जाणकार माणूस एवढं पुरतं. यापेक्षा जास्त खर्च होत असेल, तर तो कशावर होतोय हे विचारायलाच हवं. खाली दिलेले भाव किरकोळ दुकानांतले आणि क्लासचे अंदाज आहेत. गावागणिक कमी-जास्त धरा.

आधी कुठलं हवंय ते ठरवा

सगळ्यात जास्त पैसे इथं वाया जातात. ‘थ्री-डी ड्रॉइंग शिकवतो’ अशी पाटी वाचून तुम्ही फी भरता आणि तिसऱ्या आठवड्यात कळतं, की तुमच्या कॉलेजात विचारतात ते हे नव्हेच.

डिप्लोमा, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष किंवा आयटीआयचा ड्राफ्ट्समन ट्रेड यासाठी तुम्हाला आयसोमेट्रिक हवं. त्यात उभी रेषा उभीच राहते, बाकीच्या दोन दिशा आडव्या रेषेशी ३० अंश करतात आणि तिन्ही अक्षांमध्ये कागदावर १२० अंश पडतात. आर्किटेक्चर किंवा इंटिरिअरच्या विद्यार्थ्याला शिक्षक ‘ॲक्सो काढून आण’ म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा त्यांना वेगळी गोष्ट हवी असते: प्लॅन आहे तसाच घ्यायचा, ४५ अंशात किंवा ३०-६० मध्ये फिरवायचा आणि त्याच्या कोपऱ्यांतून उभ्या भिंती वर खेचायच्या. इथं प्लॅन मोडत नाही, त्यातलं वर्तुळ वर्तुळच राहतं. आयसोमेट्रिकमध्ये त्याच वर्तुळाचा लंबगोल होतो. या दोन्हींत गल्लत केलीत तर अख्खी शीट पुन्हा काढावी लागते.

तिसरा प्रकार ऑब्लिक: त्यात समोरची बाजू सपाट, खऱ्या मापाची असते आणि खोली तिरकी, बहुधा ४५ अंशात जाते. खोली पूर्ण मापाने घेतली तर कॅव्हेलियर, निम्म्या मापाने घेतली तर कॅबिनेट. फर्निचरवाल्यांना कॅबिनेट सोयीचं पडतं. गेमसाठी चित्रं काढायची असतील तर आणखी एक फरक लक्षात ठेवा. पिक्सेलच्या ‘आयसोमेट्रिक’ गेममध्ये रेषा दोन पिक्सेल आडवी आणि एक पिक्सेल वर अशी चढते, म्हणजे कोन साधारण २६.५ अंशांचा पडतो, ३० चा नाही. गेम आर्टचा कोर्स विकणाऱ्याला हे विचारा. उत्तर आलं नाही तर पुढचा पत्ता शोधा.

सातवी-आठवीतल्या मुलांच्या पालकांसाठी: शासकीय रेखाकला परीक्षेच्या इंटरमिजिएटला घनभूमिती असते, पण तिथला भर घनाकृतींच्या प्लॅन-एलेव्हेशनवर असतो. पाया म्हणून ती उत्तम आहे. मात्र ‘इंटरमिजिएटसाठी आयसोमेट्रिकची खास बॅच’ असं कुणी वेगळे पैसे मागत असेल, तर आधी शाळेतल्या कलाशिक्षकांकडून अभ्यासक्रम बघून घ्या.

साहित्य: काय घ्यायचं, काय नको

हे घ्या. ३०-६० आणि ४५ च्या गुण्यांची जोडी, २५ सेंटिमीटरच्या आसपासची, ८० ते २०० रुपये. टी-स्क्वेअर १५० ते ३०० रुपये. बरा कर्कटक १५० ते ४०० रुपये. कंपासपेटीतला पत्र्याचा नको, त्याचा पाय उघडत जातो आणि वर्तुळ मिटत नाही. २एच, एच आणि एचबी पेन्सिली, खोडरबर, मास्किंग टेप मिळून शंभरच्या आत. सरावाला साधे ए-३ कागद. जाड ड्रॉइंग शीट फक्त सबमिशनसाठी.

हे लगेच घेऊ नका. मिनी ड्राफ्टर (३५० ते ७०० रुपये) कॉलेजने सक्तीचा केला असेल तरच. ड्रॉइंग बोर्ड (४०० ते ९००) घरी सरळ कडेचा प्लायचा तुकडा असेल तर लागत नाही. कड सरळ आहे ना, ते स्टीलच्या पट्टीने बघा. लंबगोलाचा टेम्प्लेट (१०० ते २५०) पहिल्या महिन्यात अजिबात नको, आधी लंबगोल हाताने काढता यायला हवा. पुढे घ्यालच तेव्हा दुकानात पट्टी लावून मोजा. आयसोमेट्रिकसाठीच्या टेम्प्लेटमध्ये ‘२०’ लिहिलेल्या छिद्राचं २० मिलिमीटर माप कडेच्या खुणांच्या दिशेने, म्हणजे अक्षांवर भरतं. छिद्राच्या लांबट दिशेलाच २० भरत असेल तर तो साधा लंबगोलाचा टेम्प्लेट आहे. दुकानदाराला परत द्या.

‘फर्स्ट इयर किट’ नावाचं पाकीट कॉलेजच्या दारात पंधराशे-दोन हजारांना मिळतं. त्यात शीट ठेवायची नळी, रोलर स्केल, फ्रेंच कर्व्ह आणि रंगीत पेन्सिली भरलेल्या असतात. पहिल्या सत्रात त्यांतल्या निम्म्या वस्तू पिशवीतून बाहेर निघत नाहीत. सुटं घ्या. पुण्यात अप्पा बळवंत चौक, मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीट. दोन्हीकडे दोन-तीन दुकानं फिरून भाव विचारा. त्याहून स्वस्त मार्ग म्हणजे परीक्षा संपल्यावर कॉलेजच्या नोटीसबोर्डावर आणि वसतिगृहात चौकशी करणं. दुसऱ्या वर्षाला गेलेली मुलं बोर्ड आणि ड्राफ्टर निम्म्या किमतीत देऊन टाकतात.

जुनं असो वा नवं, गुण्या तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. टी-स्क्वेअरवर गुण्या ठेवून एक उभी रेषा काढा. तोच गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून पुन्हा रेषा काढा. दोन्ही एकमेकींवर पडल्या तर ९० चा कोन खरा. वर जाताना फाकल्या तर गुण्या टाकाऊ. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या.

घरी, जवळपास फुकट

पहिला सराव ५० मिलिमीटर बाजूच्या घनाचा. आडव्या रेषेवर एक बिंदू घ्या. ३० चा गुण्या लावून डावीकडे आणि उजवीकडे वर जाणारी एकेक रेषा, बिंदूतून एक उभी रेषा. तिन्हींवर ५० मिलिमीटर मोजा, उरलेल्या बाजू समांतर काढून घन पुरा करा. आता शिक्षकाशिवाय तपासायचं असं: कर्कटक ५० मिलिमीटरवर उघडा, घनाच्या वरच्या पृष्ठाच्या पुढच्या कोपऱ्यावर, म्हणजे तीन पृष्ठं मिळतात तिथं टोक ठेवा आणि वर्तुळ काढा. ते बाहेरच्या सहाही कोपऱ्यांतून गेलं पाहिजे, कारण आयसोमेट्रिक घनाची बाहेरची कड हा नियमित षट्कोन असतो. एखादा कोपरा सुटला तर तुमचा कोन किंवा माप चुकलंय. कोणता कोपरा सुटला, तेही तिथल्या तिथं दिसतं.

दुसरा टप्पा वर्तुळाचा, आणि बहुतेकांचं घोडं इथं अडतं. वर्तुळाच्या व्यासाएवढ्या बाजूचा समभुज चौकोन आयसोमेट्रिक पृष्ठावर काढा. त्याच्या दोन बोथट कोपऱ्यांतून समोरच्या बाजूंच्या मध्यबिंदूंना रेषा जोडा. बोथट कोपऱ्यांवर टोक ठेवून दोन मोठे चाप, जोडरेषा मोठ्या कर्णावर छेदतात तिथून दोन छोटे. चार केंद्रांची ही पद्धत कॉलेजांत सर्रास चालते. पण ती अंदाजी आहे हे तुम्हाला माहीत असावं: ६० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळाचा खरा लंबगोल सुमारे ७३ मिलिमीटर लांब हवा, चार चापांचा साधारण ६९ मिलिमीटर भरतो. परीक्षेला चालतं. छापायच्या चित्रात चाक किंवा विहीर ठसठशीत दिसणार असेल तर खटकतं. तिथं बिंदू काढून हाताने वक्र जोडा.

आयसोमेट्रिकचे ठिपक्यांचे किंवा जाळीचे कागद इंटरनेटवर फुकट मिळतात, झेरॉक्सवाला पानाला दोन-पाच रुपये घेईल. छापताना ‘फिट टू पेज’ काढून ‘ॲक्चुअल साइज’ ठेवायला सांगा. नाहीतर कोन बरोबर येतात, पण सेंटिमीटर सेंटिमीटर राहत नाही आणि मोजून काढलेलं सगळं थोडं लहान पडतं.

पुस्तक एकच घ्यायचं असेल तर चरोतर प्रकाशनाचं एन. डी. भट यांचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग. जुनी आवृत्ती रद्दीच्या भावात मिळाली तरी चालेल. भूमिती आवृत्तीगणिक बदलत नाही. शाळा-कॉलेजांसाठीची ड्रॉइंगची मानकं, एसपी ४६, भारतीय मानक ब्युरोने काढलेली आहेत. ब्युरोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून भारतीय मानकं फुकट उतरवता येतात. त्यांचे छापील संच विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. व्हिडिओ हवेत तर स्वयं आणि एनपीटेलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे इंजिनिअरिंग ड्रॉइंगचे कोर्स असतात. ऐकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, साधारण हजार रुपये. छंद म्हणून शिकणाऱ्याला त्या प्रमाणपत्राचा उपयोग नाही.

परीक्षार्थींनो, हे दोन परिच्छेद सोडू नका

प्रश्नात ‘आयसोमेट्रिक व्ह्यू’ म्हटलंय की ‘आयसोमेट्रिक प्रोजेक्शन’, ते दोनदा वाचा. व्ह्यूमध्ये मापं आहेत तशी घ्यायची. प्रोजेक्शनमध्ये आयसोमेट्रिक स्केल वापरायची, म्हणजे प्रत्येक माप ०.८१६ पट: १०० मिलिमीटरची बाजू जवळपास ८२ ची होते. चित्र हुबेहूब तेच दिसतं, फक्त आकारमान बदलतं, आणि याच कारणाने चूक चित्र काढणाऱ्याच्या लक्षात येत नाही. तपासणाऱ्याच्या मात्र येते.

गोल आला की जास्त जपा. प्रोजेक्शनमध्ये घनावर चेंडू ठेवला असेल तर घनाच्या बाजू ०.८१६ पट होतात, पण गोलाचं वर्तुळ खऱ्या त्रिज्येनेच काढायचं, कारण गोल कुठूनही पाहिला तरी तेवढाच दिसतो. त्याच्या केंद्राची उंची मात्र आयसोमेट्रिक स्केलने मोजायची. एकाच आकृतीत दोन मापं वापरायची ही एकमेव जागा, आणि जवळपास प्रत्येक बॅचमधली अर्धी मुलं इथं गुण घालवतात. क्लास निवडताना हाच प्रश्न चाचणी म्हणून शिक्षकांना विचारा. पाच मिनिटांत फळ्यावर दाखवून समजावणारा शिक्षक मिळाला, तर फी वसूल झाली समजा.

क्लास लावायचा तर

इंजिनिअरिंग ड्रॉइंगची एका विषयाची शिकवणी शहरात तीन ते सहा-सात हजारांपर्यंत जाते. शनिवार-रविवारची छंदवर्गातली कार्यशाळा हजार ते तीन हजार. आर्किटेक्चर प्रवेशाचे नाटाचे क्लास दहा हजारांपासून पुढे, वर्षभराचे त्याच्या कित्येक पट. फक्त आयसोमेट्रिक शिकायला नाटाचा क्लास लावू नका. तिथं भर हाताने काढायच्या रचनेवर आणि परीक्षेच्या तंत्रावर असतो. बीएफएच्या सीईटीची तयारी करणाऱ्यांचंही तेच: तिथं वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र महत्त्वाचं.

फी ठरवताना विचारायचे प्रश्न. सांगितलेल्या रकमेत १८ टक्के जीएसटी धरलाय का, आणि धरलाय तर पावतीवर नोंदणी क्रमांक आहे का? दहा हजारांच्या फीवर हे अठराशे रुपये शेवटच्या दिवशी उगवतात. ‘मटेरिअल चार्ज’मध्ये काय मिळणार? बहुतेकदा झेरॉक्स नोट्स आणि चार शीट, त्याचे पाचशे-हजार. बॅचमध्ये किती मुलं? वीसपेक्षा जास्त असतील तर शीट एकेकाची तपासली जात नाही, आणि या विषयात तपासणीलाच पैसे द्यायचे असतात. बुडलेला वर्ग भरून मिळतो का? पहिला वर्ग फुकट बसायला देतात का? देत नसतील तर एकदम फी भरू नका, महिन्याची भरा.

कागदपत्रं: खासगी क्लासला आधारची प्रत, फोटो आणि पालकांचा फोन नंबर यापलीकडे काही लागत नाही. मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला ठेवून घ्यायला मागितला तर देऊ नका. मूळ कागद फक्त सरकारी प्रवेशाच्या पडताळणीला दाखवायचे आणि परत आणायचे. आयटीआयला ड्राफ्ट्समन ट्रेडला जायचं असेल तर दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रहिवास आणि लागू असल्यास जातीचा दाखला तयार ठेवा. कोर्स दोन वर्षांचा. सरकारी आयटीआयची फी खासगी संस्थांच्या मानाने फारच कमी असते आणि ड्रॉइंगचा सराव सगळ्यांत जास्त तिथं होतो. ज्यांना हातात काम हवंय त्यांना मी हाच रस्ता आधी सुचवेन.

सॉफ्टवेअर

पेन्सिलने घन, पायऱ्या आणि लंबगोल जमेपर्यंत थांबा. मग इंकस्केपमध्ये ॲक्सोनोमेट्रिक ग्रिड आहे, लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड आहेत, रंगकामासाठी क्रिता. चारही फुकट आहेत आणि मुदत संपली म्हणून बंद पडत नाहीत. स्केचअपची ब्राउझरमधली आवृत्ती फुकट आहे, पण ती खासगी वापरापुरती; गिऱ्हाइकाचं काम त्यावर करता येत नाही. त्यात कॅमेऱ्याच्या मेनूत ‘पॅरलल प्रोजेक्शन’ निवडायला विसरू नका. निवडलं नाही तर दिसतं ते पर्स्पेक्टिव्ह. ऑटोकॅड विद्यार्थ्यांना ओळख पटवून वर्षभर मोफत मिळतं आणि शिकत असेपर्यंत दरवर्षी नव्याने घेता येतं. त्यामुळे ‘कोर्ससोबत ऑटोकॅड मोफत’ ही सवलत नव्हे. ते तुमचं तुम्हालाच मिळतंय. चोरटी प्रत बसवून देणाऱ्या क्लासपासून लांब राहा, व्हायरससकट संगणक तुमच्याच गळ्यात पडतो.

चित्रांच्या इतिहासासाठी

कला शाखेच्या विद्यार्थ्याला ही पद्धत काढता येण्याइतकीच ओळखता यायला हवी, आणि ते जवळजवळ फुकट शिकता येतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संकेतस्थळावर वांग हुई यांची सम्राट कांगशींच्या दक्षिण दौऱ्याची १६९८ ची गुंडाळी आणि शू यांग यांची १७७० ची सम्राट च्यानलुंग यांच्या दौऱ्याची गुंडाळी, दोन्ही मोठ्या आकारात विनामूल्य उतरवता येतात. एक संध्याकाळ द्या. वांग हुई यांच्या गुंडाळीतल्या एका वाड्याच्या छपरांच्या कडांवर पारदर्शक कागद ठेवून रेषा ओढा: त्या कुठंही मिळत नाहीत, म्हणून गुंडाळी कितीही उलगडली तरी पाहणाऱ्याची जागा ठरलेली राहत नाही. डेव्हिड हॉकनी यांनी या चित्रांवर फिलिप हास यांच्यासोबत १९८८ मध्ये एक माहितीपट केला आहे. कॉलेजच्या ग्रंथालयात मिळाला तर जरूर बघा. जपानी गेंजी चित्रगुंडाळ्यांत छप्परच काढून टाकून वरून खोलीत डोकावता येतं. आजचे इंटिरिअरवाले फ्लॅट दाखवतात, तीच युक्ती बाराव्या शतकातली.

आपल्याकडचं उदाहरण दूर नाही. मेवाडचे महाराणा जगतसिंह यांनी १६४९ ते १६५३ दरम्यान रामायण चितारून घेतलं, त्यात साहिबदीन आणि मनोहर हे प्रमुख चितारी. त्याची बहुतेक पानं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, बालकांडातली काही मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. दोन्ही संस्थांनी २०१४ मध्ये ती डिजिटल रूपात एकत्र आणली. महालाचे ओटे, गच्च्या, दालनं तिरक्या समांतर रेषांत बसवून एकाच पानात कथेचे तीन-चार प्रसंग मांडलेले दिसतात. संग्रहालयात जाणार असाल तर आधी फोन करून विचारा: लघुचित्रं प्रकाशाने खराब होतात म्हणून बदलत ठेवतात, हवं ते पान भिंतीवर असेलच असं नाही. तिकिटाशिवाय कॅमेऱ्याचे वेगळे पैसे लागतात का, तेही त्याच फोनवर विचारा. विद्यार्थी ओळखपत्र सोबत ठेवा.

युरोपच्या टप्प्यांसाठी पाच नावं पुरतात. केंब्रिजचे विल्यम फॅरिश यांनी १८२२ मध्ये आयसोमेट्रिकचे नियम मांडले, यंत्रांची रेखाटनं मोजता यावीत म्हणून. ऑग्यूस्त श्वाझी यांनी १८९९ च्या आपल्या वास्तुकलेच्या इतिहासात इमारती खालून वर पाहिल्यासारख्या दाखवल्या. तेओ फान डोसबुर्ख आणि कोर्नेलिस फान एस्टेरेन यांनी १९२३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात रंगीत पाट्यांची तरंगती घरं मांडली. त्याच वर्षी हर्बर्ट बायर यांनी बाउहाउस या कलाशाळेचे संचालक ग्रोपिउस यांच्या तिथल्या कार्यालयाचं आयसोमेट्रिक काढलं. श्वाझी यांचे खंड स्वामित्वहक्काबाहेर आहेत, त्यामुळे इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मास्सिमो स्कोलारी यांचं ‘ऑब्लिक ड्रॉइंग’ या विषयावरचं भरीव पुस्तक, पण आयात असल्याने महाग. विकत घेऊ नका. आर्किटेक्चर कॉलेजच्या ग्रंथपालांना भेटा; बाहेरच्यांना एका दिवसाच्या वाचनाची परवानगी पुष्कळ ठिकाणी शिक्षकाच्या पत्रावर मिळते.

पैसे अडकले तर

क्लास मध्येच सोडावा लागला आणि उरलेली फी परत मिळत नसेल, तर ‘फी परत मिळणार नाही’ असं पावतीवर छापलंय म्हणून गप्प बसू नका. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कोचिंग सोडल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत द्यावी असं म्हटलं आहे. प्रवेश-परीक्षांच्या मोठ्या क्लासना हे दाखवा. छंदवर्गांना ती लागू होत नाहीत, म्हणून तिथं फी महिन्याचीच भरायची. आधी लेखी अर्ज, पावतीची प्रत आणि पोच. पंधरा दिवसांत उत्तर नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, फोन मोफत. तिथंही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग: पाच लाखांपर्यंत भरलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. पावती मात्र हवी, म्हणून पहिल्या दिवशी रोख न देता यूपीआयने द्या आणि क्लासच्या नावावर द्या, शिक्षकांच्या खासगी नंबरवर नको.